बोटभर तार

पॅनेलचं दार उघडलं आणि महारुद्रला तार दिसली. बोटभर लांब, पिवळी, दोन्ही टोकं सोलून बॉयलरच्या ट्रिपच्या दोन टर्मिनलांवर आडवी कसलेली. ड्रममधलं पाणी फार खाली गेलं की ही दोन टर्मिनलं एकमेकांपासून सुटायची आणि भट्टीत पडणारा उसाचा भुसा आपोआप थांबायचा. त्यासाठीच ट्रिप होती. मधे तार घातली की ती कधीच सुटत नाहीत. पाणी असो नसो, पॅनेल आपलं म्हणत राहतं, सगळं बराबर हाय. तार जुनी असती, धुळीत माखलेली, कुणाच्या विसरण्यातून राहून गेलेली असती, तर त्याला एवढं काही झालं नसतं. पण तिचं प्लास्टिक चकाकत होतं. स्क्रूवरचा ओरखडा ताजा होता. या हंगामाची तार होती ती. म्हणजे दर हंगामाला घालत होते, तपासणीच्या दिवशी काढत होते आणि पुन्हा घालत होते; धाकटा भाऊ राम गेला त्याच्या आधीही आणि नंतरही. महारुद्रनं हातातला स्क्रूड्रायव्हर पुढे नेला आणि तसाच हवेत धरून ठेवला. तोंडात एकदम तांब्याची चव आली, लहानपणी देवघरातली पळी चोखताना यायची तशी.

"काय बघायलास एवढं?" मागून कारखान्याचे चीफ इंजिनिअर योगीराज साहेब यांचा आवाज आला. "जुनं पॅनेल हाय बाबा, जास्ती हात लावू नको. तुझ्या दोन वायरी काढ अन् बाजूला हो."

"व्हय साहेब," महारुद्र म्हणाला. त्यानं दार लोटलं. तार पाहिल्याचं बोलला नाही.

पाथरी रस्त्यावरच्या या कारखान्यात तो रामच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच आला होता. परभणीत वसमत रोडला त्याचं छोटंसं ऑफिस. निरनिराळ्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावायचं हे त्याचं काम. फोन आला तेव्हा त्याची बायको अर्पिता समोरच बसलेली होती. फोनवर योगीराज साहेब म्हणाले होते, आमचं बॉयलर जुनं, टर्बाइन नवं आणलंय, दोघांची भाषा जुळंना गेलीय, मधे गेटवे टाकून दे. तुझ्याबिगर जिल्ह्यात कोण हाय? फोन ठेवल्यावर अर्पिता म्हणाली, जाऊ नका. तो म्हणाला, काम हाय. काम नव्हतं ते, हे दोघांनाही कळत होतं. एवढी वर्षं तो त्या माणसाच्या नावाभोवती फिरत होता, जीभ दुखऱ्या दाढेभोवती फिरते तशी, आणि आता त्या माणसानं स्वतःच दार उघडून ये म्हटलं होतं.

राम त्याच्यापेक्षा लहान. बॉयलर अटेंडंट. ड्युटीच्या पिशवीत डब्यासोबत टाळ ठेवायचा, कारण कारखान्याच्या देवळात सप्ताह चालला होता आणि पाळी सुटली की थेट कीर्तनात उभं राहायचं होतं. रामचा टाळ ज्यानं ऐकला त्याला माहीत आहे, तो मृदंगाच्या मागे धावायचा नाही. मृदंगाची थाप पडायची, ती हवेत जरा टेकायची आणि मग रामचा टाळ हलकेच तिच्यावर यायचा, निजलेल्या लेकराच्या अंगावर आईनं पांघरूण टाकावं तसा. कीर्तनकार महाराज चरण अर्ध्यावर सोडून मागे रांगेकडे पाहायचे ते रामसाठीच. त्या दिवशी ड्रममधलं पाणी गेलं, ट्रिप लागली नाही, भट्टी जळत राहिली आणि नळी फुटून वाफ बाहेर आली. नांदेडच्या दवाखान्यात रामचं तोंड तेवढं शाबूत होतं. "दादा, ट्रिप लागलीच न्हाई," तो म्हणत राहिला. तपासणीला माणसं आली तोवर पॅनेलमध्ये तार नव्हती. सापडला तो पिशवीतला टाळ. अहवालात आलं, अटेंडंट जागेवर नव्हता, कीर्तनाला गेला होता, आवाज ऐकून धावत आला. टाळ हाच पुरावा.

आणि तेराव्याचं कीर्तन संपल्यावर योगीराज साहेबांनी माइक हातात घेतला होता. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आवाजात ओल. "मायबापहो, रामला माफ करा. लेकरू ड्युटी सोडून गेलं, चुकलं. पण दारूपायी न्हाई गेलं, देवापायी गेलं. कारखान्यानं त्याला माफ केलंय, तुमीबी करा." आयाबायांनी डोळ्यांना पदर लावले. मंडपातल्या माणसांनी हात जोडले. मेलेल्या भावाला अख्ख्या गावानं माफ केलं आणि महारुद्र, पायाखाली सतरंजी, डोक्यावर मुंडण, तिथं उभा राहिला. शिवी दिली असती तर शिवी परत देता आली असती. माफीला काय परत देणार?

काम सुरू झालं. पॅनेलमधल्या पट्टीवर बसवलेला तो गेटवे दिसायला केवढासा, चंचीएवढा. एका बाजूनं बॉयलरची जुनी दोन तारांची लाइन, दुसऱ्या बाजूनं टर्बाइनचं नवं नेटवर्क. जुन्या लाइनची रीत अशी की विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. एक विचारतो, ज्याचं नाव घेतलं तो तेवढाच उत्तर देतो, बाकीचे गप्प. नव्याची रीत वेगळी. तिथं प्रत्येकानं आपापल्या ठोक्याला बोलायचंच, न विचारता, टाळकऱ्यांच्या रांगेसारखं. ठोका चुकला की सगळ्यांना कळतं. या दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडं न्यायचं, स्वतःचं काही मिसळायचं नाही, असं हे उपकरण. पहिल्या दिवशी दोन तारा उलट लागल्या म्हणून लाल दिवा. सरळ केल्या तर दिवा हिरवा, पण पडद्यावर पाण्याची पातळी आली ती भलतीच, कोट्यवधीत. आकड्याचे दोन अर्धे मागचा पुढे अन् पुढचा मागे होऊन येत होते. महारुद्रनं ते फिरवले. मग पडद्यावरचं पाणी आणि बॉयलरच्या काचेतलं पाणी एक झालं. अशा वेळी त्याला एरवी एक आनंद व्हायचा, महाराजांनी टाकलेलं चरण रांगेनं बरोबर झेललं की होतो तसा. या वेळी झाला नाही. पिवळी तार डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुपारी योगीराज साहेब त्याला आपल्या केबिनमध्ये डबा खायला नेत. "घे रे, तुझ्या वहिनीनं केलंय. लाजू नको. तू म्हंजे आपल्या घरचाच हायेस. वडील बरे हायेत ना? आबा अजून टाळ धरतेत म्हणं."

"धरतेत."

"हंगामाची मोळी टाकायच्या दिवशी महाराजांचं कीर्तन ठिवलंय. आबाला गाडी पाठिवतो. लिंबाजीआबा रांगेत नसले की रांग उघडी वाटती बघ."

महारुद्र ज्वारीची भाकरी मोडत होता. त्या माणसाचं मीठ खाताना त्याला एक काळी, गोड गुंगी येत होती. तुमी खाऊ घाला साहेब, तो मनात म्हणत होता, अजून घाला. माणूस शत्रूच्या घरचं इतक्या चवीनं जेवू शकतो हे त्याला माहीत नव्हतं. वांग्याच्या भाजीत दाण्याचा कूट होता, राम असताना आई बायनाबाई घालायची तसाच, आणि त्यानं ते भांडं पुसून खाल्लं.

जेवणानंतर साहेब मुद्द्यावर आले. जुनी लाइन अधूनमधून क्षणभर तुटते. तुटली की टर्बाइन बंद पडणार, चेअरमन माझ्या नावानं ओरडणार. तेव्हा लाइन तुटली तरी पडद्यावर शेवटचा आकडाच राहू दे. तशी सोय असते ना तुझ्या त्या डबीत?

होती. चौकटीत एक टिकमार्क, एवढंच काम. बोलणारा मुका झाला की त्याचं शेवटचं बोलणंच पुढे सांगत राहायचं, की गप्प झाला असं सांगायचं. महारुद्र त्या दुपारी लॅपटॉपपुढे बसून त्या चौकटीकडे बघत राहिला. टीक राहू दिली तर कधीतरी, पुढच्या हंगामात, त्याच्या पुढच्या, लाइन तुटेल, पडदा सांगत राहील की पाणी आहे, आणि आतमध्ये ड्रम कोरडा पडत जाईल. सांगितलं कुणी? योगीराज साहेबांनी. त्यांच्याच तोंडानं. तपासणीला माणसं येतील तेव्हा या वेळी पिशवीत टाळ सापडणार नाही, साहेबांचं नाव निघेल. हा विचार त्यानं हळूहळू चघळला. त्यातला रस संपत नव्हता. मग त्यानं काचेबाहेर पाहिलं. बॉयलरसमोर सिद्धोधन उभा होता, रामच्याच जागी, कानाला रुमाल बांधून. वाफ फुटेल तेव्हा योगीराज साहेब इथं थंड खोलीत असतील. वाफेला माणूस ओळखू येत नाही. सिद्धोधनची दया आली म्हणून नव्हे, नेम चुकेल म्हणून त्यानं ती टीक काढली. असं त्यानं स्वतःला बजावलंदेखील. दयेला आत येऊ द्यायचं नव्हतं, एकदा आली की ती घरच मांडते.

सिद्धोधनकडे तो चहाच्या वेळी गेला. "कीर्तनाच्या दिवशी ड्युटी कुणाची?"

"माझीच की," सिद्धोधन हसला. "रामभौचं झाल्यापासून साहेबांचा नेम हाय. कीर्तन असलं की बॉयलरवर आमच्या वस्तीतला माणूस. आमी तिकडं जाणार न्हाई म्हणून. मी म्हणलं, साहेब, बरंय, तुमच्या देवापायी आमाला ओव्हरटाइम."

"अन् पॅनेलमधली तार?"

सिद्धोधनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून तेवढं गेलं. "तुमी बघितली?"

"कुणी घातली?"

"मी." तो कपाच्या काठाकडे बघत म्हणाला. "साहेब म्हणतेत, घाल. सारखी ट्रिप लागती, ऊस उभा ऱ्हातो. न्हाई म्हणलं तर उद्या दुसरा घालंल. माझी दोन लेकरं हायेत, महारुद्रभौ."

महारुद्रला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवला होता आणि त्यातला थेंबही सांडायची त्याची तयारी नव्हती.

मग त्यानं काम केलं. तार काढा, असं त्याला पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं. योगीराज साहेबांनी ती चहा पिता पिता काढली असती आणि तो परभणीला पोचायच्या आत परत घातली असती. म्हणून तो बोलला नाही. दोनच गोष्टी त्यानं गेटवेतून पलीकडे नेल्या: पाण्याची पातळी आणि ट्रिपची खूण. टर्बाइनच्या बाजूला एक साधा नियम बसवला. पाणी लाल रेघेखाली गेलंय आणि तरी ट्रिप म्हणते सगळं ठीक, असं कधी दिसलं तर दोघींतली एक खोटं बोलते आहे. टर्बाइन फिरणार नाही. आणि ट्रिप खरोखर लागून दाखवल्याशिवाय हे कुलूप निघणार नाही. नियम लिहून झाल्यावर त्यानं लॅपटॉप मिटला. गाभाऱ्यात उभं राहून कुणाचं वाईट मागावं तसं वाटलं त्याला, आणि तरी मागावंसंच वाटलं.

मोळीच्या दिवशी सकाळपासून पटांगणात मंडप. उसाची मोळी हळदकुंकू लावून ऊस आत टाकायच्या गव्हाणीपाशी ठेवलेली. चेअरमन, संचालक, पाथरीहून आलेली माणसं. आणि महाराजांचा आवाज कर्ण्यांमधून बॉयलर हाउसच्या पत्र्यांवर आदळून दुप्पट होत होता. कीर्तन कुठंही असो, महारुद्रचा डावा पाय आपोआप ताल धरायचा. आज त्यानं तो दाबून ठेवला. मोळी पडण्याआधी शेवटची चाचणी घ्यायची होती, त्यावर साहेबांची सही.

"सिद्धोधन, पाणी खाली घे," त्यानं सांगितलं. भट्टी मंद होती. काचेतलं पाणी उतरू लागलं, पडद्यावरचं पाणी त्याच्यासोबत उतरू लागलं. लाल रेघ आली, गेली. ट्रिप लागली नाही. भोंगा वाजला नाही. पडद्यावर एक लाल पट्टी तेवढी उमटली आणि टर्बाइनच्या चित्रावर कुलूप आलं. सिद्धोधननं पाणी परत वर घेतलं. कुलूप तसंच.

"हे काय हाय?" योगीराज साहेब म्हणाले.

"दोन साक्षी जुळंना गेल्यात साहेब. पातळी म्हणती पाणी गेलं, ट्रिप म्हणती हाय."

"काढ ते."

"निघत न्हाई. ट्रिप एकदा खरी लागल्याबिगर न्हाई निघत."

"मला न इचारता कसं काय घातलंस?"

"तुमीच म्हणला होतात की, सुरक्षेत कसूर नको. चेअरमन साहेबांसमोर म्हणला होतात."

साहेबांचा फोन वाजला; टर्बाइन फिरल्याशिवाय मोळी पडणार नव्हती आणि बाहेर चेअरमन वाट बघत होते. त्यांनी पाहिलं आणि घेतला नाही. पुन्हा वाजला. बाहेर महाराजांना कुणीतरी थांबा म्हणून खूण केली असावी. संपत आलेलं कीर्तन त्यांनी पुन्हा दृष्टान्तात नेलं. टर्बाइन का फिरेना म्हणून दोन फिटर, एक इलेक्ट्रिशियन, चेअरमनचा ड्रायव्हर अशी माणसं दारात जमली. योगीराज साहेब जवळ आले. त्यांच्या अंगाला चंदनाचा वास होता.

"महारुद्र," ते हळू म्हणाले, "तू बघितलीस ना ती? तू काढ. आत्ता, पटकन. कुणाला कळायचं न्हाई."

"मी कशाला काढू? ज्यानं घातली त्यानं काढावी."

"मी हात लावला न्हाई कधी तिला. दरसाल अटेंडंटच घालतो." साहेबांचा आवाज चढला. "तुझ्या रामनंच घातली होती त्या साली. त्याच्या हातानं!"

महारुद्रला वाटलं आपण हे कधीतरी ऐकणारच होतो. रामचे हात त्याच्या डोळ्यांपुढे आले, टाळ धरणारे, पांघरूण टाकणारे, आणि त्या हातांत स्क्रूड्रायव्हर.

"कुणी सांगितल्यावर?" त्यानं विचारलं.

फोन वाजत राहिला.

"साहेब, कुणी सांगितल्यावर घातली रामनं?"

"मी सांगितल्यावर," योगीराज साहेब म्हणाले. "झालं समाधान?"

"मग त्या दिवशी राम कुठं होता?"

साहेबांनी सिद्धोधनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "इथं," ते म्हणाले. "जागेवर."

सिद्धोधन पुढे झाला, "मी काढतो." महारुद्रनं त्याच्या छातीवर हात ठेवून थांबवलं आणि स्क्रूड्रायव्हर साहेबांपुढे धरला. साहेबांना पॅनेलचं दार उघडता येईना. कडी कोणत्या बाजूला ते माहीत नव्हतं. मग उघडलं. स्क्रू घसरला, परत धरला. तार निघाली ती त्यांच्या घामट तळहाताला चिकटली. सिद्धोधननं पुन्हा पाणी खाली घेतलं, आणि या वेळी लाल रेघेवर भोंगा असा ओरडला की दारातली माणसं मागं सरली. भुसा थांबला. पडद्यावरचं कुलूप गेलं.

तेव्हा योगीराज साहेबांनी ते केलं. त्यांनी हात जोडले, गुडघे टेकले आणि सर्वांदेखत महारुद्रच्या पायांवर डोकं ठेवलं.

माळकऱ्यांत नमस्कार एकट्याचा राहत नाही. समोरचा वाकला की आपण वाकायचं, मग तो लेकरू असो, एसटीचा कंडक्टर असो, वैरी असो. दोन्ही डोकी जमिनीशी भेटतात आणि तिथं सगळं फिटतं. महारुद्रला हे चालायला येण्याआधी यायला लागलं होतं. तेराव्याच्या दिवशी माइक ठेवून योगीराज साहेब असेच आबांच्या पायांवर पडले होते, आणि आबा, पोटचं पोर जाळून बसलेले आबा, वाकले होते. आयुष्यात आबांनी कुणाचा नमस्कार परत केल्याविना ठेवला नव्हता. त्यांनी त्याही दिवशी केला, आणि लोकांनी मानलं की बापानं कबूल केलं. महारुद्रनं कारखान्याला माफ केलं असतं एकवेळ, त्या वाकलेल्या पाठीला केलं नव्हतं. आता त्याची स्वतःची पाठ कळ दाबल्यासारखी वाकू लागली. त्यानं टेबलाची कड धरली. खाली पांढरे केस, माळेचे मणी, मानेवरचा घाम. माणूस उठत नव्हता. समोरून नमस्कार आल्याशिवाय उठायचं कसं, हे त्यालाही माहीत नव्हतं. बाहेर गजर सुरू झाला आणि महारुद्रच्या कमरेतून तो वर चढू लागला. वाक, वाक, असं हजार टाळ म्हणत होते. त्यानं कड इतकी आवळली की नखं पांढरी पडली. तो वाकला नाही.

दारातली माणसं अचानक बाजूला झाली. लिंबाजीआबा उभे होते. कीर्तन लांबलं म्हणून घोटभर पाणी प्यायला कूलरपाशी आले होते. टाळ गळ्यातच होता. केव्हापासून उभे होते कोण जाणे. ड्रायव्हर पुटपुटला, "आबा, तुमी तरी..." सगळ्यांना ठाऊक होतं आबा काय करतील. महारुद्रलाही ठाऊक होतं. आता हे येतील, पोराच्या जागी वाकतील आणि मी एवढं सगळं बांधलेलं एका क्षणात फेडून टाकतील. त्याला बापाचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

आबा आत आले. अनवाणी, सावकाश. पडलेल्या माणसापाशी थांबले. त्यांनी आधी बॉयलरकडे पाहिलं, रामच्या जागेकडे, आणि मग खाली. त्यांची पाठ ताठ होती. म्हातारपणानं आलेला बाकसुद्धा कुठं गेला होता.

"योगीराज साहेब," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसे, "उठायची घाई करू नका. आमचा राम लय येळ पडून होता तिथं."

बाहेर महाराजांनी चरण सोडलं होतं आणि टाळकऱ्यांच्या रांगेत आबांची जागा मोकळी होती.